कोठीचा कोपरा

मावशीचा फोन सकाळी पावणेसहाला आला. मी बुटीबोरीत फर्स्ट शिफ्टच्या बसची वाट बघत उभा होतो. "तुही कोठी उकलली रे बाप्पा," ती म्हणाली आणि गप्प झाली.

फुटली म्हणाली नाही, तुटली म्हणाली नाही. उकलली म्हणाली. नंतर या विषयावरचं बरंच काही मी वाचलं, पण त्या सकाळी जे झालं होतं त्यासाठी याहून नेमका शब्द मला मिळालेला नाही.

ती कोठी मी केली होती. म्हणजे दुकान बाबांचं, पत्रा बाबांचा, गिऱ्हाईकही घरचंच. पण जोड माझे होते. एकही ठोका न मारता केलेले.

*

आमचं गाव साकोली. नागपूरहून पूर्वेला शंभरेक किलोमीटर, मुंबई-कोलकाता महामार्गावर. नागझिऱ्याला वाघ बघायला जाणारे लोक इथे चहाला थांबतात, म्हणून काहींना नाव माहीत असतं. भंडारा जिल्हा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात. आमच्या घरात मात्र पितळ कधीच नव्हतं. आमचा पत्रा. जस्ताचा, पांढरा, कापला की बोटं कापणारा.

बाबा उन्हाळ्याआधी कूलरच्या बॉड्या करतात, पावसाळ्याआधी पन्हाळी, आणि दिवाळीनंतर धानाच्या कोठ्या. आमच्याकडे धान हेच पीक. आजीच्या काळात तो बांबूच्या, शेणाने लिंपलेल्या ढोलीत राहायचा. मग पत्र्याची कोठी आली, उंदरांचा त्रास कमी झाला आणि आमचं घर चालायला लागलं.

पत्र्याचा जोड बाबा घडी मारून करतात. दोन्ही कडा उलट्या दिशेने वाकवायच्या, एकमेकींत अडकवायच्या आणि लाकडी मोगरीने ठोकून बसवायच्या. एका कोठीला किती ठोके लागतात हे मी लहानपणी मोजायचा प्रयत्न करायचो आणि हजाराच्या आसपास कंटाळायचो. बाबा तीस वर्षं ते ठोके कानाशेजारी मारत आले.

त्यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला उशिरा कळलं. आई म्हणायची, मुद्दाम ऐकत नाहीत. मग मोबाइलची रिंग ऐकू येईना, कुकरची शिट्टी ऐकू येईना. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. रेषा डावीकडे बरी होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. सततच्या मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या परत येत नाहीत, असं ते म्हणाले. उरलंय ते जपा. ठोकाठोक बंद करा.

बाबांनी मला विचारलं, "काय म्हनला?"

मी मोठ्याने सांगितलं.

ते हसले. "मंग खाऊ काय?"

*

मी आयटीआय केलं, मग डिप्लोमा, मग बुटीबोरीतल्या एका कारखान्यात लागलो. तिथे पत्र्याची कपाटं आणि हवेचे डक्ट बनतात. पहिल्याच आठवड्यात मी क्लिंचिंग बघितलं आणि मला बाबांची आठवण आली.

क्लिंचिंग म्हणजे दोन पत्रे एकावर एक ठेवायचे आणि यंत्राने दाबून एकमेकांत अडकवायचे. रिव्हेट नाही, स्क्रू नाही, वेल्डिंगची ठिणगी नाही. वरून एक गोल पंच येतो, खाली त्याच्या मापाची डाय असते. पंच दोन्ही पत्र्यांना मिळून डायच्या खड्ड्यात ढकलतो. तळ लागला की पत्र्याला खाली जायला जागा उरत नाही, म्हणून तो दाबाखाली बाजूंना पसरतो. वरचा पत्रा खालच्या पत्र्याच्या पोटात फुगतो आणि तिथेच अडकतो. खालून बघितलं तर एक छोटं बटण दिसतं. टक् असा एकच आवाज. जस्ताचा थर जळत नाही, म्हणून गंजही लवकर धरत नाही.

कल्पना जुनी आहे. १८९७ सालचं जर्मन पेटंट तिच्या नावावर सांगतात. कारखान्यांत ती रुळली ती मात्र विसाव्या शतकाच्या शेवटी. आज तुमच्या घरातल्या वॉशिंग मशीनचं अंग, ऑफिसातले एसीचे डक्ट, गाडीच्या बॉनेटची आतली चौकट यांवर अशी गोल बटणं सापडू शकतात. एकदा ओळख झाली की ती सगळीकडे दिसायला लागतात.

मला त्यात फक्त शांतता दिसली. हजार ठोक्यांऐवजी चाळीस वेळा टक्. बाबांचे उरलेले कान वाचतील.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी कारखान्यातून आणलेला नमुना उलटसुलट करून बघितला. "ठोकल्याबिगर जोड? धरते कोनाच्या भरवशावर?"

मी म्हणालो, मशीनवर ओढून बघितलाय. आणि खरंच बघितला होता. दोन पट्ट्या एकमेकींवर थोड्या ठेवायच्या, मधोमध एक बटण मारायचं आणि दोन टोकं मशीनच्या जबड्यांत धरून विरुद्ध दिशांना ओढायचं. आमच्या कारखान्यात हीच चाचणी रोज होते. पत्रे एकमेकांवरून सरकायला बघतात आणि बटण त्यांना अडवतं. या ओढीला शिअर म्हणतात. माझ्या पट्ट्यांनी चांगला भार घेतला. तो आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला होता.

*

कोठी चौकोनी करायची हेही माझंच. बाबांच्या कोठ्या गोल असतात. मला वाटायचं, जुनी पद्धत, दुसरं काय. घरं आता लहान झाली, खोलीच्या कोपऱ्यात गोल कोठी ठेवली की मागे जागा वाया जाते. गिऱ्हाईकही तसंच म्हणायचं. शिवाय बाबा कूलर चौकोनी करतातच की. कूलर चौकोनी चालतो तर कोठी का नाही?

क्लिंचच्या यंत्राला पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हात पोचावा लागतो. एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला डाय. बंद पेटीच्या कोपऱ्यात हे जमत नाही. म्हणून मी शेजारशेजारच्या दोन्ही भिंतींच्या कडा बाहेरच्या बाजूला वाकवल्या, एकमेकींना टेकवल्या, कानासारख्या, आणि त्या कानांवर वरपासून खालपर्यंत बटणं मारली. सुपरवायझरची परवानगी काढून, रविवारी, कारखान्याच्या यंत्रावर. यंत्र रोजच्या जाड पत्र्यासाठी लावलेलं होतं. आमचा पत्रा पातळ होता. पंच-डाय बदलायला वेळ लागतो. मी तसंच चालवलं. बटणं दिसायला सुरेख आली.

टेम्पोतून कोठी सानगडीला मावशीकडे गेली. तीन-तीन फूट लांब-रुंद, पाच फूट उंच. मळणी झाल्यावर तिने सात क्विंटल धान भरला. केंद्रावर विकायचा तेवढा विकून हा मागे ठेवलेला होता. उन्हाळ्यात भाव चढला की काढायचा आणि धाकटीची नर्सिंगची फी भरायची, असा हिशोब.

जानेवारीत दोन दिवस अवकाळी पाऊस आला. दुसऱ्या रात्री मावशीने खालच्या तोंडातून दोन पायल्या धान काढला आणि झोपली. पहाटे पडवीतून आवाज आला. तिला वाटलं, मांजर. उठून बघते तर कोपरा खालून कमरेएवढा उघडलेला आणि धान ओल्या पडवीत पसरत चाललेला.

*

मी दुपारी साकोलीला उतरलो. बाबा मोटारसायकल काढूनच बसले होते. वाटेत ते काही बोलले नाहीत, आणि बोलले असते तरी मला उत्तर ओरडून द्यावं लागलं असतं.

पडवीत मावशी आणि तिच्या दोन जावा सुपांनी धान उपसत होत्या. वरचा कोरडा वेगळा, खालचा ओला वेगळा. मावशी मला म्हणाली, "जेवलास का?" एवढंच.

बाबा उघडलेल्या भागाकडे बघेनात. ते वरच्या भागाकडे गेले, जिथे जोड अजून शाबूत होता. खिशातून पेचकस काढला, दोन कानांच्या मधल्या फटीत घातला आणि मनगट वळवलं. एक बटण सुटलं. पेचकस खाली सरकवला, दुसरं सुटलं. तिसरं. जर्किनची चेन उघडावी तसं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू सरकवून पायलास बाबू. उचलून नाई पायलास."

तुमच्याकडे टिच बटणाचं एखादं पाकीट किंवा जुनं झबलं असेल तर हे आत्ता करून बघा. बटण लावा आणि दोन्ही बाजूंनी कापड आडवं ओढा. कापड फाटेल पण बटण निघणार नाही. आता कापडाची कड चिमटीत धरून वर उचला. टिच. लहान मूलही ते उघडतं. बटण तेच, धाग्याची ताकद तीच. बदलली ती फक्त ओढीची दिशा.

क्लिंचचंही असंच आहे. पत्रे एकमेकांवरून सरकवणारी ओढ तो भरपूर सोसतो. पत्रे एकमेकांपासून सोलून काढणारी ओढ आली की तोच जोड फार लवकर हार मानतो. सोलताना आणखी एक वाईट गोष्ट होते. भार सगळ्या बटणांत वाटला जात नाही. तो एकट्या पुढच्या बटणावर येतो. ते सुटलं की त्याच्या मागच्यावर. चाळीस बटणं असली तरी लढणारं प्रत्येक वेळी एकच असतं.

*

मी कोपऱ्याचा तुकडा कापून बुटीबोरीला नेला आणि भिंगाखाली बघितला.

क्लिंच मुख्यतः दोन तऱ्हांनी जातो. बटणाच्या कडेला, पत्रा जिथे खाली वळतो, तिथे तो ताणून बारीक झालेला असतो. त्याला मान म्हणतात. मान फार बारीक असेल तर भाराखाली ती तुटते. वरच्या पत्र्याला गोल भोक पडतं आणि तुटलेलं बटण खालच्या पत्र्यात तसंच राहतं. हे अचानक होतं, आधी फारशी सूचना नसते. दुसरी तऱ्हा म्हणजे बटण अख्खंच बाहेर निसटतं. वरच्या पत्र्याने खालच्याच्या पोटात जी पकड घेतलेली असते ती अपुरी पडते. काहीच तुटत नाही, दोन्ही पत्रे धड असतात, फक्त एकमेकांना सोडून देतात. कधी दोन्ही थोडंथोडं होतं, एका बाजूने मान फाटते आणि दुसऱ्या बाजूने बटण निसटतं.

गंमत अशी की मान आणि पकड एकमेकींच्या जिवावर वाढतात. पंच जास्त खाली दाबला तर पत्रा बाजूंना जास्त पसरतो, पकड चांगली होते, पण मान बारीक होत जाते. कमी दाबला तर मान जाड राहते आणि पकड नावापुरती होते. म्हणून बटणाच्या तळाशी दोन्ही पत्र्यांची मिळून किती जाडी उरली हे मोजतात. जोड न मोडता आतली तब्येत कळायचा तोच एक सोपा उपाय. टोकदार मापाने मोजायला काही सेकंद लागतात. मी मोजली नव्हती.

माझ्या कोपऱ्यातली जवळजवळ सगळी बटणं अख्खी निघालेली होती. वाटीसारखी, गुळगुळीत. खालची दोन-तीन तेवढी मानेत तुटली होती. जाड पत्र्याच्या डायमध्ये पातळ पत्रा दाबला, डाय पुरती भरलीच नाही, पत्रा बाजूंना पसरलाच नाही. मान जाड, पकड नाममात्र. आणि माझ्या चाचणीत हे दिसणार कसं? सरकवणारी ओढ मुख्यतः मानेवर येते. मान तर उत्तम होती. मी जोडाला नेमका तोच प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर त्याला येत होतं.

राहिला कोठीचा आकार. धान पाण्यासारखा भिंतीला रेटतो, पण पूर्ण पाण्यासारखा नाही. १८९५ मध्ये यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून दाखवलं की दाण्यांचं बरंचसं वजन भिंतीवरच्या घर्षणाला लटकतं, म्हणून तळाजवळचा रेटा खोलीबरोबर वाढत वाढत एका मर्यादेला थांबतो. त्याच्या सूत्रात मावशीची कोठी घातली तर तळाजवळ दर चौरस मीटरला साधारण सव्वादोनशे किलोचा रेटा येतो. म्हणजे तीन माणसं आतून पाठ लावून भिंत ढकलतायत. धान काढायला लागलं, दाणे हलले, की भिंतीवरचा रेटा आणखी वाढू शकतो, हे सायलो बांधणारे हिशोबात धरतात. मावशीने त्या रात्री दोन पायल्या काढल्या होत्या. तिने काही चुकीचं केलं नव्हतं. कोठीतून धान काढायचाच असतो.

आता गोल कोठी डोळ्यांसमोर आणा. धान सगळीकडून सारखा रेटतो. पत्रा बाहेर फुगू शकत नाही, कारण तो आधीच गोल आहे. तो फक्त घेरातून ताणला जातो. म्हणजे उभ्या जोडावर जी ओढ येते ती पत्र्याच्या अंगाअंगाने, सरकवणारी. चौकोनी कोठीत भिंत सपाट असते. रेटा आला की ती पोट काढते, आणि पोट निघालं की कोपऱ्यातल्या दोन भिंती आपापल्या दिशांना ओढू लागतात. माझे ते बाहेर वळवलेले कान त्या ओढीने सोलले गेले. यंत्राचा हात पोचावा म्हणून मी कान बाहेर काढले होते. धानाला तेवढंच हवं होतं.

कूलर चौकोनी चालतो, कारण कूलरच्या भिंतींना आतून कोणी ढकलत नाही. हे बाबांना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. पण मी त्यांचा सल्ला घ्यायला गेलोच नव्हतो. मी त्यांना वाचवायला निघालो होतो.

*

ओला झालेला धान दोन क्विंटलच्या आसपास होता. थोडा वाळवून गुरांपुढे गेला, थोडा कोंबड्यांना. बाबांनी घरच्या कोठीतून तेवढा धान मोजून मावशीकडे पोचवला. मी पैसे देतो म्हणालो तर म्हणाले, "दुकान कोनाचा हाय?" त्या हंगामात चौकोनी कोठीसाठी दोन जणांनी विसार दिला होता. दोघांनी तो परत नेला. एकाने विचारलं, पोराने केलेली तीच का? बाबांना ते ऐकू आलं नाही. मी तिथेच उभा होतो.

ते मला एकदाही रागावले नाहीत. मला ते जास्त जड गेलं. आम्ही दोघं तसेही सरळ ओढीचे. काम, पैसे, आजारपण, रात्रीबेरात्री गाडी काढणं, यातलं काहीही आलं तरी एकमेकांना धरून राहतो. पण कोणी कड उचलून बघितली नव्हती. त्यांना ऐकू येत नाही याची त्यांना लाज वाटते, म्हणून ते गिऱ्हाइकासमोर नुसते हसतात, हे मला त्या वर्षी कळलं. मी नागपूरला गेल्यापासून दुकानात कोणाला काही शिकवावंसं त्यांना वाटलेलं नाही, हेही.

उन्हाळ्यात मी आठ दिवसांची सुट्टी घेतली आणि दुकानात बसलो. त्यांनी घडी मारून दाखवली. घडीच्या जोडात पकड एका रेषेत सलग असते, ठिपक्याठिपक्यांनी नसते. तीही जास्त भाराने उकलते, पण आधी फुगते, फट दाखवते, कोंडा गाळते. दोन-चार दिवस सांगत राहते आणि मग जाते. बाबा तिच्यावरून नख फिरवतात. नख अडलं तर तिथे आणखी दोन ठोके. कान गेले तसं हे नख जास्त शहाणं झालंय असं ते म्हणतात.

मग आम्ही मिळून एक कोठी केली. गोल. अंगाचा उभा जोड क्लिंचचा, दोन ओळींत, पत्रा पत्र्यावर चढवून, म्हणजे ओढ अंगाअंगाने यावी. या वेळी पातळ पत्र्याचे पंच-डाय लावले आणि प्रत्येक बटणाचा तळ मोजला. नमुन्याच्या पट्ट्या सरकवून ओढल्या, मग दुसऱ्या पट्ट्या काटकोनात वाकवून सोलूनही बघितल्या. बूड मात्र घडीचं. तिथे पत्रा सोलला जाऊ शकतो, तिथे मी क्लिंचचा हट्ट धरला नाही. ठोके अगदी संपले नाहीत, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले. उरलेले ठोके मारताना बाबा मी आणलेले नारिंगी मफ कानांवर घालतात. पहिल्या दिवशी शेजारच्या पानठेलेवाल्याने विचारलं, गाणे ऐकता का? बाबांना ऐकू आलं नाही. ते हसले. मग मफ काढून म्हणाले, "काय म्हनलास? जोरानं सांग, मले आयकू येत नाई." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

गेल्या हंगामात ती कोठी मावशीकडे गेली. आधी ती नकोच म्हणाली. मग बाबा स्वतः घेऊन गेले, वरपासून खालपर्यंत नख फिरवून दाखवलं, तेव्हा धान भरला. मी पौषात जाऊन बघितलं. जोड धड होता. पण मावशीने कोठीच्या पोटाला नायलॉनची दोरी तीन वेढे देऊन बांधली होती.

मी दोरीकडे बघतोय हे बाबांनी बघितलं. "राहू दे," ते म्हणाले. "गोल कोठीले दोरी कामाची रायते."

ते खरंच आहे. घेराने येणारा ताण दोरीही घेते. मी गाठ तपासली आणि आम्ही जेवायला बसलो.